दिव्यासाठी बुजवलेली भोकं

एरंडोलच्या दिपमालाबाईंना स्वयंपाकघराच्या खिडकीचा भारी अभिमान. आधीची काच फुटून तिचे तुकडे नैवेद्याच्या खिरीत पडले, तेव्हा त्यांनी हट्टाने लॅमिनेटेड काच बसवून घेतली. दोन काचा, मध्ये चिकट पापुद्रा. फुटली तरी विखरायची नाही. देव्हारा खिडकीला लागूनच. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना आधी काच दाखवली जायची, मग देव.

पण दुसऱ्याच वर्षी काचेच्या खालच्या कडेला दूध सांडल्यासारखा पांढुरका पट्टा चढला, फुगे आले. बाई पुसून पुसून दमल्या. डाग आतला होता. काचवाल्या उत्तमचंदभाऊंना बोलावणं गेलं. त्यांच्याकडून नवी काच फुकट उकळायची, हे बाईंनी जपाची माळ ओढता ओढताच पक्कं केलं होतं. माळ कितीदा चुकली ते देवाला ठाऊक.

"भाऊ, देवासमोर उभे आहात. माल हलका दिला ना?"

"वहिनी, माल हलका निघाला तर काच बदलून देतो. पण चौकटीतलं पाणी निघायला खाली भोकं ठेवली होती, ती कुठं गेली?"

बाईंनी उगाच नंदादीपाची वात सारखी केली. भोकं कशी विसरतील? त्यातून वारा यायचा आणि नंदादीप फडफडायचा. लक्ष वातींचा संकल्प केलेल्या घरात कापसाला काय तोटा? बाईंनी भोकांत वाती ठासल्या. दिवा विझू नये म्हणून खिडकीही कधी उघडली नाही. वरणभाताची वाफ काचेवरून ओघळायची आणि त्या कापसात मुरून बसायची; काचेची खालची कड कायम ओली, मग आतला पापुद्रा सुटणारच.

सासूबाई ताईबाईंनी अंबाड्यातला आकडा काढून भोकात घातला. काळा, ओलाकच्च बोळा बाहेर आला.

"हाई ते तुन्याच वाता शेतस, दिपमाला. आते कोनले बोलशी?"

दिपमालाबाईंनी चहाचं भांडं काढलं.

"चहा घेता, भाऊ?"

"साखर कमी."

चहाचं आधण उकळू लागलं तशी बाईंनी स्वतःच खिडकी उघडली. वाफ बाहेर गेली, दिवाही गेला. त्यांनी तो पुन्हा लावला, हाताचा आडोसा धरला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "काच माझ्या भक्तीनं खाल्ली, भाऊ. बदलू नका. पण दिव्यावर ठेवायला काचेची चिमणी मिळेल का?"

"मिळेल," भाऊ बशी खाली ठेवत म्हणाले. "फक्त तिला खालून हवा लागते, वहिनी. तिथं वाती घालू नका."

ताईबाई पदराआड हसल्या. दिपमालाबाईंना देवाकडे बघायचं धाडस होईना.