खुर्ची सांगितलंस मां?

आमच्या शेजारच्या काकूंचं विमानाचं तिकीट निघालं की खिडकी मिळाली का, जेवण कसलं, असले फालतू प्रश्न त्या विचारत नसत. त्यांचा प्रश्न एकच, तोही मालवणीत. "खुर्ची सांगितलंस मां?"

खुर्ची म्हणजे विमानतळावरची, चाकांची. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी ती असते, असा विमान कंपन्यांचा एक भाबडा समज आहे. काकूंना किती चालवत होतं ते मुलुंडच्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीला विचारा. पाणी कमी आलं की तिसऱ्या मजल्यावरून त्या थेट गच्चीतल्या टाकीपर्यंत चढत आणि उतरताना सेक्रेटरींच्या दारावर थापा मारूनच घरी जात. याच काकू विमानतळाचं दार दिसताच अशा कण्हायला लागत, की गाडी हॉस्पिटलकडे वळवावी का, असा मला प्रश्न पडे.

तुम्हीही पाहिल्या असतील त्या खुर्च्यांच्या रांगा. लेकाकडे, लेकीकडे निघालेले ठणठणीत आईबाप, मांडीवर लोणच्याची पिशवी, चेहऱ्यावर अंतकाळचे भाव. परतल्यावर पट्ट्यावर आपली बॅग दिसली की यातले निम्मे ताडकन उठून धावतात. एवढे चमत्कार तर बाबाबुवांनाही जमत नाहीत.

काकूंना सोडायला दर वेळी मीच गाडी काढायचो. एकदा साकीनाक्याच्या सिग्नलला अडकलो असताना मी खोचकपणे विचारलं, "काकू, गुडघे आज कुठून दुखायला लागणार? सांगून ठेवा, म्हणजे मलाही तोंड पाडता येईल."

मला वाटलं, आता शिवी येणार. पण त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पयल्या टायमाक मी चालतच गेलंय रे."

तेव्हा काका नुकतेच गेले होते आणि काकू एकट्याच लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. मध्ये विमान बदलायचं होतं. त्या भलत्याच दारापाशी जाऊन बसल्या. माईकवरून त्यांचं नाव पुकारत होते म्हणे, पुन्हा पुन्हा. पण ते अशा काही उच्चारात, की काकूंना वाटलं, कोणी गोरीण हरवली आहे. "ता माझा नाव, ह्या माका कसा कळतला?"

विमान गेलं. काकू पोहोचण्याआधीच लेक बाळंत झाली.

त्या विमानतळावर सोयी मात्र झकास होत्या. पायांना मालिश करणारं यंत्र, अंघोळीची व्यवस्था, झोपायला चिमुकल्या खोल्या, वर फुलपाखरांची बाग. प्रवाशांची बडदास्त ठेवावी तर अशी. काचेला कपाळ टेकून रडणाऱ्या बाईला "काय झालं?" असं विचारायची सोय तेवढी राहून गेली होती.

"माका खुर्ची नको रे," काकू म्हणाल्या. "खुर्ची ढकलणारो व्हयो."

यानंतर मी टोमणे थांबवले असं नाही. स्वभावाला औषध नाही. पण विमान कंपनीला फोन करून खुर्ची मात्र त्यांनी विचारायच्या आत सांगू लागलो.

यंदा काकूंनी घर विकलं आणि त्या कायमच्या लेकीकडे निघाल्या. नेहमीप्रमाणे गाडी मीच काढली. विमानतळाच्या दारापाशी खुर्ची आली. काकू बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि या वेळी कण्हायला विसरल्या. ढकलणारा त्यांना घेऊन आत निघाला. खुर्चीची पाठ उंच होती, त्यांना मागे वळून बघता येईना.

मला एकदम वाटलं, आता तिकडे यांचं नाव कोण धड उच्चारणार? जन्मभर काकू म्हणणाऱ्या मी, दारातल्या पहारेकऱ्यालाही न जुमानता, त्यांना त्यांच्या नावानं हाक मारली. पूर्ण नावानं, अगदी स्पष्ट.

ढकलणारा थांबला आणि त्यानं खुर्चीच वळवली.

"मेल्या, नावान हाक मारतंस?" काकू तिथूनच ओरडल्या. डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "परत एकदा मार."