रंगाखालचा डेक

“मॅडम, वरून छान पांढरा रंग मारा. शुक्रवारी पाहुणे हिरवी झेंडी दाखवणार आहेत,” तहसीलचे साहेब म्हणाले.

बोट दारव्ह्याजवळच्या एका धरणाच्या काठावर लाकडी ठोकळ्यांवर ठेवली होती. मी यवतमाळला फायबरच्या टाक्या आणि कूलर दुरुस्त करते. आमच्याकडे बोटी कमी, पण फायबर तेच.

मी रबरी हातोडीने ठोकून पाहिलं. बुडाचा आवाज टणक. पुढच्या डेकवर मात्र ओल्या पोत्यावर मारल्यासारखा.

“ताई, तिथं पाय नोका ठेवू. दबते थे,” देवलाल म्हणाला. बोट तोच चालवतो. त्याचा तांडा पलीकडच्या काठावर. पाणी चढलं की तांड्याची वाट बंद होते आणि ही एकच बोट उरते. त्याची सून श्रावणात बाळंत होणार होती.

“रंगाने भागणार नाही,” मी साहेबांना सांगितलं.

“मग निकामी लिहून द्या. नवी मागवू.”

“नवी कधी येईल?”

“मंजुरी आली की. पावसाळ्यानंतर.”

मी दुरुस्तीच लिहून दिली आणि जुना रंग तासला. खाली जेलकोट, म्हणजे फायबरची चकचकीत साल. तिला चांदणीसारखे तडे, सगळे टोकाजवळ. त्यांतून पाणी झिरपून मधलं प्लायवुड कुजलं होतं.

“इथे काय आपटता?”

“नारळ. सायेब बदलला का पूजा, पाहुना आला का पूजा.”

“आणि बोट पाण्यात किती वेळा गेली?”

“नारळाहून कमीच,” देवलाल म्हणाला.

कुजका भाग कापून डेक उघडा ठेवला. मे महिन्यातल्या आमच्या उन्हाला सगळे शिव्या देतात; ओल काढायला त्याच्यासारखं यंत्र नाही. साहेबांचा फोन आला, “शुक्रवारचं काय?”

“रंग देते, सर. डेकवर पहिला पाय पाहुण्यांना ठेवू द्या.”

कार्यक्रम पुढे गेला.

नवं प्लायवुड बसवलं, त्यावर फायबर मॅट आणि रेझिनचे थर दिले. भर उन्हात रेझिन डब्यातच दगड होतं, म्हणून काम सकाळी लवकर. मग जेलकोट, पाणी लावून पॉलिशपेपर, शेवटी वॅक्स.

चाचणीला अर्धा तांडा आला. देवलालची बायको म्हणाली, “पहिले सायबाले उभं करा. वजन बी हाये.”

साहेब चढले. हलकेच दाबून पाहिलं, मग चक्क उडी मारली. डेक हलला नाही. बोट भरून पलीकडे गेली, परत आली. मी आतून हात फिरवला. कोरडी ठणठणीत. काठावर शिट्ट्या वाजल्या.

पेपरात बातमी आली, ‘तांड्याला नवी बोट’. साहेबांचा फोटो चांगला होता.

श्रावणात देवलालने सुनेला पुढच्या डेकवर गादी टाकून अलीकडच्या काठावर आणलं. दवाखान्यातून फोन केला, “पोरगी झाली, ताई. गादी बी कोरडी राह्यली.”

माझ्या धंद्यात दुरुस्ती नवी म्हणून छापून आली, तर तक्रार करायची नसते.