थाळीची कड

चिमण्यांसाठी गॅलरीत ठेवलेल्या थाळीतलं पाणी उन्हाने आटलं आहे. कडेला पांढरट वर्तुळ उरलं आहे.

"बाबा, घासून ठेवते," सून म्हणाली.

"राहू दे गं."

निर्जीव पदार्थांतून जीव कसा निर्माण झाला, यावर मी विद्यापीठात आयुष्यभर संशोधन केलं. आम्ही साधे रेणू पाण्यात ठेवून ते जोडले जातात का, हे पाहायचो. एकदा माझी विद्यार्थिनी वासंती पाणी घालायला विसरली आणि भांडं कोरडं पडलं.

"सर, धुवू नका ना! कडेचं तपासलंय मी. रेणू तिथंच जोडले गेलेत."

"अगं, ही प्रयोगशाळा आहे, उष्टं ताट नाही," म्हणत मी भांडं नळाखाली धरलं.

ती संशोधन सोडून गेल्यावर मी गुपचूप तोच प्रयोग केला. तिचं खरं होतं.

तेव्हापासून मी भाषणांत सांगतो की नुसत्या समुद्राने ग्रह जिवाच्या सोयीचा होत नाही, पाणी ओसरून काठही उघडा पडावा लागतो. मग हसत म्हणतो, "माझ्याच विसरभोळेपणामुळे हे कळलं." लोक टाळ्या वाजवतात. तिचा शोध तर मी लाटलाच, तिची चूकसुद्धा सोडली नाही.

थाळीशी एक चिमणी येऊन तशीच उडून गेली. पाणी भरायला हवं, पण हात उचलवत नाही.

भांडं वासंतीकडून कोरडं पडलं होतं. कडेला तिने पाहिलं होतं. मी फक्त ते धुतलं होतं.