मला न आलेला शब्द

ओव्हरएस्टिमेट करणं म्हणजे माणसाला किंवा गोष्टीला असेल त्याहून जास्त धरणं. बाळांनो, एवढं तुम्हाला शब्दकोशातही मिळेल. मला तो शब्द कसा कळला, ते सांगते.

मी तेव्हा इंग्रजी चौथीत होते. सोलापुरात आमच्या आळीत इंग्रजी शिकणारी मुलगी मी एकटीच. कुणाकडे तार किंवा इंग्रजी कागद आला की वडील मला पुढे करत. "आमची पोर साहेबाचं इंग्रजी वाचते," असं चारचौघांत सांगत.

शेजारच्या काकूंची लेक माहेरी बाळंत झाली होती. तिचा ताप नुकताच उतरला होता. सासरी देवकार्य होतं, म्हणून सासरे कुंभारीहून बैलगाडी घेऊन तिला न्यायला आले. मिशनच्या डॉक्टरीणबाई तिच्यासाठी इंग्रजीत चिठ्ठी ठेवून दौऱ्यावर गेल्या होत्या.

"वाच की," सासरे म्हणाले. "ऊन चढायच्या आत निघाया पायजे."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. 'तिची ताकद' कळलं, 'नका' कळलं. मधलं क्रियापद मी कधी पाहिलंच नव्हतं. काय करू नका? ताकद कमी समजू नका, की जास्त? एका अर्थानं ती गाडीत बसणार होती, दुसऱ्या अर्थानं नाही.

वडील हसून म्हणाले, "सांग, सांग."

"मला हा शब्द येत नाही."

"साहेबाचं विंग्रजी वाचती म्हनं!" सासरे म्हणाले. वडिलांनी मान खाली घातली.

मी चिठ्ठी घेऊन आमच्या इंग्रजीच्या बाईंच्या घरी पळाले. त्यांनी वाचून सांगितलं, "तिच्या अंगात आहे त्याहून जास्त ताकद धरू नका."

परत येते तो गाडी हलली होती. मी बैलांसमोर उभी राहिले आणि धापा टाकत अर्थ सांगितला. सासरे "अस्सं व्हय," म्हणत खाली उतरले आणि गाडीत तिच्यासाठी घातलेली गादी त्यांनी स्वतःच काढून आत नेली.

चौथ्या दिवशी तिला पुन्हा ताप भरला. डॉक्टरीणबाई परतल्या होत्या, दवाखाना जवळ होता, म्हणून निभावलं.

वडील त्या सकाळबद्दल कधी बोलले नाहीत. पण पुढे कुणी कागद आणला की ते आधी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच विचारत, "हे तुला येतंय का?" मी नाही म्हटलं, तर बाहेर जाऊन सांगत, "तिला येत नाही. बाईंकडे न्या."