मालनबाईंचा कान

नाशिकच्या तांबट आळीत नांदायला आलेली सून बोलण्याआधी हातवारे शिकते. शिकावेच लागतात हो! सकाळी भट्ट्या पेटल्या की दिवेलागणीपर्यंत घराघरात तांब्या-पितळेवर हातोडे पडत असतात, आणि त्या गदारोळात नुसतं "जेवायला या" सांगायचं तरी घसा फोडून घ्यावा लागतो. मालनबाई सिन्नरहून लग्न होऊन आल्या तेव्हा पंधरवडाभर कानात कापसाचे बोळे घालून वावरल्या. पुढे सवय झाली. त्यांचं स्वयंपाकघर मागच्या अंगाला होतं, म्हणून त्यांचे कान वाचले. पुढच्या खोलीत ऐरणीपाशी बसणाऱ्या धोंडीरामशेटचे, म्हणजे त्यांच्या नवऱ्याचे, काही वाचले नाहीत.

पण हे आळीला माहीत नव्हतं. आळीत तर शेटच्या कानाचंच नाव होतं! भांडं दुरुस्त झालं की शेट त्याच्यावर लाकडी दांडक्याचा एक टोला घालायचे, मान कलती करायचे, विचार केल्यासारखं मधल्या दाराकडे बघायचे आणि मग निकाल द्यायचे. भांडं खणखणीत वाजलं तर गिऱ्हाइकाच्या हातात, बद्द वाजलं तर पुन्हा भट्टीत. कुठे केसाएवढी चीर राहिली असली तरी शेटच्या कानातून सुटायची नाही, असं लोक म्हणायचे. आणि म्हणताना त्यांच्यातल्या एकानंही कधी शेट बघत होते त्या दाराकडे वळून बघितलं नाही.

त्या दारात मालनबाई सूप घेऊन बसलेल्या असायच्या.

झालं होतं असं. नव्वद सालच्या सुमाराला शेटनं चीर झाळून बुजवलेलं एक घंगाळ गिऱ्हाइकानं गळतंय म्हणून परत आणलं. मग एक कळशी आली. शेट कुणाला काही बोलले नाहीत, पण जेवण सोडलं आणि बायकोवर उगाच डाफरायला लागले. मालनबाई काय ते समजल्या. त्यांनीही विषय काढला नाही. एका दुपारी त्या मधल्या दारात तांदूळ पाखडत बसल्या होत्या आणि शेटनं एका घागरीवर टोला घातला. आवाज बद्द आला आणि बाईंचे हात आपोआप थांबले. शेटनं ते बघितलं. ती घागर त्यांनी गुपचूप भट्टीत सारली. दुसऱ्या दिवशी टोला घालण्याआधी ते सूप दारात येण्याची वाट बघत बसले.

बस्स. ठरलं ते एवढंच, आणि तेही एक शब्द न बोलता. आवाज चांगला असेल तर पाखडणं चालू, वाईट असेल तर हात थांबले. घरातलं धान्य निवडून संपलं तरी बाई तेच ते मूठभर तांदूळ पुन्हा पाखडत बसायच्या. धन्य ती माउली! नवऱ्याची इभ्रत तिनं सुपात घालून सांभाळली, आणि त्याला सांभाळतेय असं कधी जाणवूही दिलं नाही.

शेटच्या स्वभावाचंही सांगितलं पाहिजे, कारण सगळं पुढे त्याच्यावरच आलं. "नवं घ्या" हे दोन शब्द त्यांना शिवीसारखे लागायचे. स्टील आणि प्लास्टिकनं आळीचा धंदा बसत चालला होता आणि जो तो जुनं टाकून नवं आणत होता. शेट ताडकन म्हणायचे, "टाकायचं काय त्यात? माझ्याकडे आण." त्यांनी कुणालाही रिकाम्या हातानं परत पाठवलं नव्हतं, आणि तोच त्यांचा ताठा होता.

अठ्ठ्याण्णव सालच्या मे अखेरीला सोमा त्यांच्या दुकानाची पायरी चढला. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं जड काहीतरी होतं. सोमा त्र्यंबकच्या पलीकडचा, डोंगरातला. त्याचं गाव धरणाच्या फुगवट्याच्या मागं अडकलेलं. गावाची एक लाँच होती आणि ती सोमा चालवायचा. त्यानं गोणपाट सोडलं. आत लाँचचा पंखा होता, पाण्याखाली फिरून तिला पुढं ढकलतो तो. चांगला पितळी, तीन पात्यांचा. पाणी उतरल्यावर वर आलेल्या एका जुन्या बांधावर तो आदळला होता. एक पातं पानासारखं मुडपलं होतं.

"सातपूरचा वर्कशॉपवाला म्हनला नवा घ्या," सोमा सांगत होता. "मुंबईहून यायला लय दिस लागतील. पर माझ्याकडं तेवढे दिस नाय, शेट."

शेट त्याच्या ओठांकडे बघत होते. "नवा" तेवढं त्यांना बरोबर कळलं. "काही नको नवा," ते म्हणाले. "उद्या ये. सरळ करून ठेवतो."

सोमाच्या तोंडावर असा काही आनंद पसरला की मालनबाईंनी त्याला पाणी देता देता विचारलं, "एवढी घाई कसली रे बाबा?"

तेव्हा त्यानं सांगितलं. त्याची लेक मैना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा लागला होता. मृग लागला की डोंगरातली पायवाट ओढ्यांनी बंद व्हायची, मग दवाखाना गाठायचा तर पाण्यावरून लाँचनंच. मासेमारीची होडगी होती, पण पावसाळी वाऱ्यात ती काय टिकतात! "गेल्या साली मधोमध इंजिन बंद पडलं," सोमा म्हणाला. "वाऱ्यानं लाँच सांडव्याकडं चालली व्हती. देवानंच तारलं. आता पोर पोटुशी हाय मावशी, ह्या पंख्याबिगर मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी शेटनं काम केलं, आणि काय काम केलं! पातं तापवून लाल केलं, हलके हलके ठोके देत वळण परत आणलं, तिन्ही पाती दोरीनं मापून एकसारखी केली. शेजारच्या दुकानातला दत्तू स्वतःचा हातोडा ठेवून बघायला आला. "शेट, नवा पंखा ह्याच्यापुढे झक मारेल," तो म्हणाला. सोमा तर हात जोडूनच उभा होता.

शेटनं पंखा दोरीला टांगला, दांडकं घेतलं आणि मधल्या दाराकडे बघितलं. मालनबाई सूप घेऊन बसल्या होत्या.

पहिल्या पात्यावर टोला पडला. खणखणीत. तांदूळ उडत राहिले. दुसरं पातं, तसंच. मग तिसरं, मुडपलेलं होतं ते. आवाज चांगला उठला, पण विरताना शेवटी कसा तरी खरखरला. की तो बाहेरच्या हातोड्यांचा होता? बाईंना नक्की कळेना. त्यांचे हात धड हललेही नाहीत आणि धड थांबलेही नाहीत.

शेट बघतच होते.

आता त्यांच्या त्या खुणेत चांगलं आणि वाईट एवढंच होतं. "मला शंका आहे" हे सुपानं कसं सांगणार? घागर असती तर बाईंनी पुढे पाखडलं असतं. फार तर काय, पाणी गळलं असतं, घागर परत आली असती. पण त्यांच्या डोळ्यांपुढे ती न बघितलेली पोर आली, लाँचमध्ये पोट धरून बसलेली, मधोमध, सांडव्याच्या अंगाला. आणि दुसऱ्या बाजूला नवरा होता, आळीसमोर मान ताठ करून उभा. बोलावं तर त्याचं झाकलेलं उघडं पडणार. त्यांनी सूप खाली ठेवलं, पदर सावरला आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर पुढच्या खोलीत येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, परत वाजवा," त्या म्हणाल्या, आणि शेटना समजावं म्हणून हातानं खूण केली.

दत्तू बघायला लागला. सोमा बघायला लागला. शेट लालबुंद झाले. आता स्फोट होणार, असं बाईंना वाटलं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून शेट दत्तूला म्हणाले, "जा, आळीतले हातोडे थांबवायला सांग."

"सगळे?"

"सगळे!"

दत्तू धावला. एकेक दुकान थांबत गेलं. लोक दारात येऊन उभे राहिले, कोण गेलं का म्हणून विचारायला लागले, कारण आळी अशी फक्त प्रेत निघालं तरच गप्प व्हायची. बाईंनी पात्याच्या मुळाशी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथं."

शेटनं टोला घातला. त्या शांततेत मालनबाईंनी जिवाचा कान केला. आवाज उठला, आणि शेवटी खरखरला. आता शंकाच नव्हती.

त्यांनी मान हलवली. शेटनं दांडकं खाली ठेवलं.

"सोमा," ते म्हणाले, "नवा आण."

सोमाचा चेहराच उतरला. मग तो चिडला, आणि का चिडू नये? "शेट, कालपासनं नवा नको, नवा नको म्हनताय तुमी! पंखा डोळ्यांसमोर सरळ झाला, कुटं चीर दिसत नाय. मावशीनं मान हलवली म्हनून मी पोरीला डोंगरात कोंडून ठेवू? कान तुमचा हाय का त्यांचा?"

तो नेमकं काय बोलला ते शेटना ऐकू आलं नसणार. पण त्याच्या हातांवरून आणि बायकोच्या खाली गेलेल्या नजरेवरून त्यांना सगळं कळलं. दारात निम्मी आळी जमलेली होती.

"मला ऐकू येत नाही," शेट म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे ते पार टोकापर्यंत ऐकू गेलं. "गेली सात-आठ वर्षं येत नाही. तुम्ही ज्या कानाचं कौतुक करता तो हिचा. मी नुसता दांडकं मारतो. ती वाईट म्हणाली म्हणजे वाईट. तुझ्या पोरीला ह्या पंख्यावर पाण्यात घालू नकोस."

मालनबाईंना रडू फुटलं, आणि लाज वाटून त्या आत पळाल्या. आत जाऊन चुलीपाशी उभ्या राहिल्या आणि पदरानं डोळे पुसता पुसता त्यांना एकदम सुचलं. अगदी साधं होतं. त्या तशाच बाहेर आल्या.

"अरे सोमा, वारा अजून कुठे सुटलाय? सकाळच्या पाण्यात तुझं होडगं चालतं ना? मग लेकीला आत्ताच इकडे आण. माझ्या घरी राहील ती. इथनं दवाखाना हाकेवर आहे, लाँच लागतेच कशाला?"

"तुमच्या घरी? आमी डोंगरातली मानसं, मावशी..."

"बरं मग? डोंगरातल्या बायकांना जेवायला लागत नाही का? मैनेला विचार, भाकरी बाजरीची की तांदळाची."

मैना आली. आईला, बयाबाईला, सोबत घेऊन आली आणि तांबट आळीत राहिली. पहिल्या दिवशी त्या दोघीही कान झाकून बसल्या होत्या, मालनबाईंनी त्यांना कापसाचे बोळे करून दिले. पुढच्या आठवड्यात मैना हातवारे करून शेटना चहा विचारायला लागली. शेटही तिला हातानंच साखर कमी म्हणून सांगायचे.

आणि शेटचं नाव गेलं का? छे! लोक पायरी चढले की आधी विचारायचे, "मालनबाई आहेत ना?" पुढच्या खोलीत ऐरणीशेजारी त्यांच्यासाठी पाट आला, सूप मात्र मागच्या भिंतीला टांगलं गेलं. तो पंखा दुकानातच राहिला. आळीतली पोरं शेटच्या मागे लागली, एक दणका घालून बघू या, खरंच तुटतो का. शेट भडकले. "तिनं सांगितलंय ना? मग तिच्या शब्दाची परीक्षा मी घेऊ?" पंखा त्यांनी खिळ्याला अडकवून ठेवला. दोन हजार पाच साली शेट गेले तेव्हाही तो तिथंच होता, आणि त्याला कुणी हात लावला नव्हता.

पण मला सांगायचंय ते त्याच आषाढातलं. मुंबईचा पंखा अजून आलेला नव्हता, धरणावर वारं नुसतं पिसाळलेलं होतं आणि मैनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. रिक्षानं पाच-दहा मिनिटांत सिव्हिल गाठलं. बयाबाई लेकीबरोबर आत गेली. मालनबाई खोलीच्या दाराशी उभ्या राहिल्या. धोंडीरामशेट व्हरांड्याच्या पार टोकाला बाकावर बसले होते, कारण आपल्या मोठ्या आवाजाचा त्रास नको असं त्यांनीच म्हटलं होतं. सकाळ उलटली. परिचारिका धावल्या, दार उघडलं, मिटलं. शेटना कशाचाच आवाज येत नव्हता. त्यांना एवढंच दिसत होतं की बायको दाराला कान लावून ताठ उभी आहे आणि तिचे हात थांबलेले आहेत.

ते हात थांबलेले बघून शेटचं काळीज कसं झालं असेल ते ज्याचं त्यानं समजावं. ते बाकावरून अर्धे उठले.

तेवढ्यात मालनबाई वळल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढ्या लांबून ओरडून उपयोग नव्हता. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, आणि त्या हातांत काही नसताना, भर व्हरांड्यात, सगळ्या लोकांसमोर त्या पाखडायला लागल्या.