तिच्या माघारी न्हाई

सेलूच्या स्टेशन रोडवर तो मोबाईल दुरुस्त करतो. फोन ज्याचा, त्याला शेजारच्या स्टुलावर बसवूनच उघडतो. दर दोन वाक्यांमागं "बराबर हाय" म्हणायची त्याला सवय. त्याचं हे सोवळं मला जरा जास्तच वाटायचं.

गेल्या महिन्यात लेकीचा फोन गुपचूप त्याच्याकडं नेला. नववीतली पोरगी आठवडाभर नीट जेवत नव्हती, मी दिसलो की फोन पालथा घालायची. म्हटलं, "लॉक काढून द्या. काय चाललंय ते बघायचंय."

"बराबर हाय सर, काळजी वाटायलीय. पन तिच्या माघारी न्हाई उघडणार. घेऊन या तिला."

मी चिडलो, पण संध्याकाळी तिला नेलं. त्यानं तिला स्टुलावर बसवलं, फोन तिच्याच हातात दिला आणि हळू विचारलं, "बेटा, कुनी तरास द्यायलंय का?"

ती रडायलाच लागली. कुणी अनोळखी माणूस फोटो मागत होता. "नाही दिलेस तर तू माझ्याशी बोलतेस हे तुझ्या बापाला सांगीन," म्हणत होता. हे सगळं तिनं त्या दुरुस्तीवाल्याकडं बघून सांगितलं.

मी शेजारीच उभा होतो.