लिफ्टमध्ये मावणारी तिरडी

आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत लिफ्ट बसवताना बिल्डरने सगळा विचार केला होता. आरसा लावला, पंखा लावला, वर गाणंही लावलं. इथली माणसं कधीतरी मरतील, एवढंच त्याच्या डोक्यात आलं नाही. त्यामुळे अकराव्या मजल्यावरचे बर्वेकाका गेले, तेव्हा त्यांना खाली आणायचं कसं, यावर दाराशी जमलेल्या आम्हा शहाण्यासुरत्या माणसांचं डोकं चालेना. जिना अरुंद, काका अंगाने भारी. शेवटी त्यांच्याच चाकाच्या खुर्चीत त्यांना बसवलं, ओढणीने बांधलं आणि लिफ्टमध्ये ढकललं. खुर्ची मी धरली होती. दार मिटताना त्यांची मान कलली आणि कपाळ आरशावर आपटलं. शेजारी त्यांची मुलगी उभी होती. ती जे ओरडली ते मी विसरलेलो नाही.

खाली गोटीराम तिरडी बांधत होता. पावणे गावातला हा आगरी म्हातारा. शेती एमआयडीसीत गेली तेव्हा हा तरुण होता. नंतर एका कारखान्यात हमाली करून निवृत्त झाला. पण आसपास कुणी गेलं की बांबू तासायला, दोर आवळायला त्यालाच बोलवायचं, ही आमच्या भागातली जुनी सवय. पैसे नाहीतच, चहासुद्धा घ्यायचा नाही. काम झालं की नळावर हातपाय धुऊन पाठमोरा चालू पडायचा.

त्या दिवशी त्याच्याबरोबर त्याचा मुलगा होता, रूपेश. पावण्याच्याच एका गाळ्यात हॉस्पिटलच्या खाटा आणि स्ट्रेचर वेल्डिंग करणारा. लिफ्टमधून खुर्ची बाहेर आली तशी त्याने माझ्याकडे पाहिलं.

"दादा, मानूस उतरवताय का फ्रीज?"

मला राग आला. खरं बोलल्याचा येतो तसा. "एवढं कळतंय तर तूच बनव ना काहीतरी," मी म्हणालो. असं आपण दिवसातून दहा जणांना म्हणतो, कुणी मनावर घेत नाही. याने घेतलं.

माझं स्टेशनजवळ छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स. दोनेक महिन्यांनी रूपेश दुकानात आला आणि मोबाइलवर फोटो दाखवू लागला. ॲल्युमिनियमच्या पाइपची चौकट, तीन ठिकाणी बिजागरी. दुमडली की खुर्ची, उघडून खिट्टी लावली की सपाट. मानेला आधार, कपाळाला मऊ पट्टा. लिफ्टमधून माणूस बसून उतरणार, खाली आल्यावर आडवा होणार. वर बांबूच्या कामट्यांची चटई बसवली की थेट तिरडीच. स्मशानात चटईसकट माणूस सरणावर सरकवायचा आणि चौकट धुऊन परत आणायची.

ट्रायल आमच्याच लिफ्टमध्ये झाली. मढं म्हणून त्याची बायको नमिता बसली. डोळे मिटून, पट्टे बांधून ती अकरा मजले वरखाली गेली. मधे सातव्यावर एक बाई भाजीची पिशवी घेऊन लिफ्टची वाट बघत होती, तिने किंकाळी फोडली. नमिताला हसू आवरेना. सेक्रेटरीने दोघांना गेटबाहेर काढलं. मला मात्र त्या चौकटीत काहीतरी फार चांगलं दिसलं होतं. बर्वेकाकांचं कपाळ तिच्यात आपटलं नसतं.

वस्तू झाली, पण विकायची कशी? इथे भल्याभल्यांची मती गुंग होईल. गिऱ्हाइकाला वस्तू लागणार हे नक्की, पण ती लागेल असं त्याला सांगायची सोय नाही. मी कार्ड छापून दिली. कुणी हातात घेईना. लोक हात मागे घ्यायचे, जसं काही कार्ड घेतलं की घरात कुणीतरी जाणारच. मी पत्रकासाठी मोठं भावपूर्ण वाक्य लिहिलं, 'अखेरच्या प्रवासातील आपला सोबती'. रूपेशने ते वाचलं आणि कागद परत दिला. "दादा, असं कोन बोलतं घरात?"

चार दिवसांनी तो स्वतःच कल्पना घेऊन आला. "बिल्डिंगमधी कोन गेला, तर पहिला कोनाला विचारतात? डॉक्टरला नाय. वॉचमनला." त्याने वॉचमनसाठी चांगल्यातल्या बॅटऱ्या आणल्या आणि माझ्याकडून त्यांच्यावर फक्त फोन नंबर छापून घेतला. नाव नाही, धंदा नाही, एक शब्दही नाही. बॅटरी देताना वॉचमनला तोंडी सांगायचं. नेरूळपासून ऐरोलीपर्यंत त्या बॅटऱ्या गेल्या, आणि फोन वाजायला लागला.

जाहिराती छापण्यात माझे केस पांढरे झाले, पण इतकी नेमकी जाहिरात मी पाहिलेली नाही.

मग धंदा वाढत गेला. आधी चौकटीबरोबर द्यायच्या पेटीत सगळं सामान आलं: पांढरं कापड, मडकं, गुलाल, तूप, तीळ. मग गाडी आली. वाशीत स्थानिक उद्योजकांचा एक सोहळा झाला, त्यात रूपेशला पारितोषिक मिळालं. टाय लावलेल्या एका परीक्षकाने विचारलं, "तुमचा रिपीट कस्टमर कोण?" रूपेश सरळ मनाने म्हणाला, "घर. परत कोन ना कोन जातंच." सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी गोटीराम बसला होता. तो हसला नाही. मांडीवर हात ठेवून बसून राहिला.

बापलेकांचं बिनसलं ते खांद्यावरून. टॉवरमधल्या लोकांनीच मागायला सुरुवात केली. मुलगा परदेशात, जावई विमानात, शेजाऱ्याला कंबरदुखी. चार माणसं देता का? रूपेशने आधी टाळलं, मग दिली. पांढरे शर्ट घातलेली, हळू आवाजात बोलणारी, त्याने स्वतः शिकवलेली चार माणसं. गोटीरामला कळलं तेव्हा मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो.

"अरं, खांदा पन इकतंस?" म्हातारा म्हणाला. "कपरा इक, मरका इक. खांदा कोनी इकतं का?"

"आबा, त्यांना मानूसच नाय. म्हातारी खाटेवर परून हाय आनि दारान कोन येत नाय. मी काय करू?"

दोघंही खरं बोलत होते, हीच पंचाईत होती.

गाव तोंडावर काही बोललं नाही. गावाची बोलायची पद्धत निराळी असते. आगऱ्यांची हळद म्हणजे अख्खी आळी रात्रभर नाचते, आणि नमिता त्यात पुढे असायची. तिला निरोप यायचे थांबले. नवरीला हळद लावायला तिला कुणी हाक मारेना. ती एकदा दुकानात येऊन रडली. रूपेशला हे लागलं होतं. त्याने गावासाठी काय करावं? पावण्यात कुणीही गेलं तर सगळं फुकट. चौकट, पेटी, माणसं, गाडी. गावाचं ऋण फेडायचं म्हणून त्याने हे केलं, आणि तेही अगदी मनापासून.

गावाने हळदीला बोलावलं नाही, फुकटचं मात्र घेतलं. वर्षभरात बांबू आणणं बंद झालं. पोरांना तेवढीच कामावरची रजा वाचली. मयताला लोक यायचे, तोंड दाखवायचे आणि आपापल्या गाड्यांनी थेट स्मशानात जाऊन उभे राहायचे. मधलं चालणं रूपेशची माणसं करायची.

गोटीराम हे सगळं ओट्यावरून बघत होता. कावीळ होऊन तो अंथरुणाला खिळला तेव्हा मी भेटायला गेलो. रूपेश पायाशी बसला होता. म्हाताऱ्याने त्याचा हात धरला.

"मना तुजे पाइपावर नको घालू. बांबू बांधा. गावाचे खांद्यावर जावाचं मना. येवरंच."

"नेतील, आबा," रूपेश म्हणाला. "सगला गाव येईल."

"येईल," म्हातारा म्हणाला. "उचलील का?"

रूपेशने त्याच्या गळ्याची शपथ घेतली. मी साक्षीला होतो. बाहेर आल्यावर तो मला म्हणाला, "दादा, येवरा एक शब्द पाळला ना, तर बाकी सगलं माफ होईल मना." दुसऱ्याच दिवशी त्याने तुर्भ्याहून ओले बांबू आणि काथ्याचा दोर आणून घरामागे ठेवला. बाप जिवंत असताना हे आणणं अशुभ, म्हणून नमिताने त्यावर ताडपत्री टाकली.

गोटीराम त्याच आठवड्यात गेला. सकाळी मी पोचलो तर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. गाव आलं होतं, खोटं कशाला बोलू. बांबू अंगणात टाकले होते. बायका आत रडत होत्या, बाप्ये अंगणात उभे होते आणि सगळे बांबूंकडे बघत होते.

कुणी पुढे होईना.

मला वाटलं राग आहे. तो असता तर बरं झालं असतं, रागावलेल्या माणसाच्या पाया पडता येतं. त्यांना बांधताच येत नव्हतं. जाणते एकेक करून गेले होते, त्यांना गोटीरामनेच बांधून पोचवलं होतं. नंतरच्यांना कधी दोर हातात धरायची वेळच आली नव्हती. उरला होता म्हातारा सयाजी, गोटीरामचा जोडीदार. त्याची उजवी बाजू लकव्याने गेलेली. खुर्चीत बसून तो डाव्या हाताने दाखवायला लागला. रूपेशचा चुलतभाऊ हितेश खाली बसला आणि बांधू लागला. आडव्या कामट्या घसरायच्या. दोर आवळला की बांबू फिरायचा. एकदा बांधून झाली म्हणून चौघांनी उचलून पाहिली, तर मधूनच उघडली. सयाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडातून शब्द नीट फुटत नव्हते.

रूपेशला येत होतं. लहानपणापासून बापाच्या हाताखाली त्याने किती बांधल्या असतील. तो न राहवून पुढे आला, दोर उचलला. तेवढ्यात त्याची आत्या वेणूबाई दारातून ओरडली, "तू नको! पोरानं बापाची नाय बांधवाची. तुला आगीचा मान हाय." त्याने दोर खाली ठेवला. ज्या माणसाच्या हातात ते काम होतं, त्या एकट्यालाच ते करायची बंदी होती.

उन्हं वर आली. माणसं घड्याळाकडे बघू लागली. शेवटी हितेश उठला, कपाळाचा घाम पुसला आणि रूपेशला म्हणाला, "भाऊ, बस झाला. गाल्यातून तुजी चौकट मागव."

रूपेश माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली. त्याने फोन लावला. पांढऱ्या शर्टातली माणसं चौकट घेऊन आली आणि चुटकीसरशी सगळं तयार झालं. कुणीतरी हायसं वाटून 'चला' म्हणालं, ते मला ऐकू आलं.

पण रूपेश अडून बसला. "खांदा गाव देईल. माजी मानसं हात लावनार नायत." हितेश पुढे झाला, आळीतले आणखी दोघे झाले, चौथा मी. रूपेश मडकं घेऊन पुढे चालू लागला. त्याने मागे वळून बघायचं नसतं. मी साठीला आलेला माणूस, दुकानात बसून काम करणारा. कारखान्यांच्या कुंपणाकडेने जाताना माझा खांदा पेटला होता. विसाव्याच्या जागेपर्यंत कसं पोचायचं, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. तिथे तिरडी खाली ठेवतात आणि दुसरे चौघे खांदा देतात.

विसावा आला. आम्ही चौकट टेकवली. मी कंबर सरळ करून मागे पाहिलं.

रस्ता रिकामा होता. एक टेम्पो उभा होता आणि त्याच्या सावलीत कुत्रं झोपलं होतं. गाव सवयीप्रमाणे गाड्यांत बसून पुढे स्मशानात गेलं होतं. कुणी वाईट मनाने नाही. आम्हा चौघांच्या मागे फक्त रूपेशची चार माणसं होती, हात बांधून, अंतर ठेवून चालत आलेली. हितेशला धाप लागली होती. बाकीच्या दोघांनी नजर चुकवली. माझ्याच्याने परत उचलवणार नव्हतं. ती माणसं आमच्याकडे बघत होती. मी मान हलवली. त्यांनी अलगद चौकट खांद्यावर घेतली.

"दादा," रूपेशने समोर बघतच विचारलं, "खांदा कोनी घेतला?"

"गावातल्या पोरांनी," मी म्हणालो. "सयाजीच्या घरची आहेत."

त्याचे खांदे जरा सैल झाले. मी खोटं बोललो याचं मला काहीच वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. तो पाऊल टाकणार, इतक्यात मागून एक हळू, शिकवलेला आवाज आला.

"सर, पुढे स्पीडब्रेकर आहे. सावकाश."

रूपेश थांबला. मडकं त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मला वाटलं तो वळेल. मग त्याने मान हलवली, जशी तो कामावर त्यांना होकार देताना हलवायचा, आणि सावकाश चालू लागला.